किश्शांच्या कडेकडेनं

ब्रिटिश व्हरायटी रंगभूमीवरच्या कलावंतांच्या आठवणी अभ्यासायला घेतल्या की पहिली अडचण येते ती हसू आवरण्याची. टिपणवही उघडी असते, पेन्सिल हातात असते, आणि बरीच पानं उलटून गेल्यावर ध्यानात येतं की वहीत एक ओळही उतरलेली नाही. यात वाचणाऱ्याचा दोष नाही. लिहिणाऱ्यांनी उभी हयात याच कामात घालवलेली असते. रोज रात्री दोन खेळ, दर खेळात आठ-दहा मिनिटं, आणि तेवढ्यात समोरच्या अनोळखी पब्लिकला खिशात टाकायचं. म्हातारपणी आठवणी सांगायला बसल्यावर ही सवय थोडीच सुटते! आठवणसुद्धा मग आयटम होऊन येते: झटपट सुरुवात, मध्ये एक वळण आणि शेवटी टाळीचं वाक्य.

या क्षेत्रात नव्यानं येणाऱ्या वाचकाचं स्वागत करताना मला सांगायचं आहे ते एवढंच. त्या टाळीच्या वाक्यावर मनसोक्त हसा, पण इतिहास तिथे शोधू नका. तो किश्शाच्या कडेला पडलेल्या सामानात सापडतो: रविवारच्या रटाळ गाडीत, वाद्यवृंदासाठी लिहून घेतलेल्या सुरावटींच्या जीर्ण कागदांत, पोस्टरवरच्या नावाच्या अक्षरांच्या उंचीत, घरमालकिणीच्या जेवणाच्या वेळांत. सांगणाऱ्याला हे तपशील किरकोळ वाटतात, म्हणूनच ते त्यानं घासूनपुसून ठेवलेले नसतात. किस्सा शंभरदा सांगून गुळगुळीत झालेला असतो; त्याच्या कडा तेवढ्या खरखरीत राहिलेल्या असतात.

आधी थोडी पार्श्वभूमी. एकोणिसाव्या शतकातलं म्युझिक हॉल हे मुळात खाण्यापिण्याच्या जागेतून वाढलेलं. गाणारा समोर गातो आहे, लोक टेबलांभोवती पीत बसले आहेत, असा मामला. शतक संपता संपता एडवर्ड मॉस, ऑस्वल्ड स्टोल यांच्यासारख्या मालकांनी थिएटरांच्या साखळ्या उभारल्या. टेबलं गेली, खुर्च्यांच्या रांगा आल्या, फ्रँक मॅचमसारख्या वास्तुविशारदानं सोनेरी नक्षीचे सज्जे आणि मखमली पडदे यांचा थाट उभा केला, आणि कुटुंबासह जाता येईल अशी करमणूक म्हणून 'व्हरायटी' प्रतिष्ठित झाली. १९१२ साली लंडनच्या पॅलेस थिएटरात राजासमोर पहिला मोठा शाही खेळ झाला. त्यातून मेरी लॉइडला वगळलं गेलं. म्युझिक हॉलची सर्वांत लाडकी गायिका ती, पण तिच्या गाण्यांतला चावटपणा नव्या प्रतिष्ठेला झेपणारा नव्हता. पुढची चाळीसेक वर्षं व्हरायटीच्या मागे हे लचांड राहिलं. पब्लिकला चावट हवं आणि मालकाला सोज्ज्वळ. कलावंतानं दोन्हींच्या मधून वाट काढायची.

आपला काळ त्यानंतरचा, ढोबळमानानं १९४५ ते १९६०. मॉस एम्पायर्स ही सर्वांत वजनदार साखळी आणि १९१० साली उघडलेलं लंडन पॅलेडियम हे तिचं शिखर. खाली पाहिलं तर जवळपास प्रत्येक गिरणगावात, बंदरात, खाणींच्या मुलुखात एखादं 'एम्पायर', 'पॅलेस' किंवा 'हिप्पोड्रोम' होतंच. रात्री दोन खेळ. पहिला कामावरून परतणाऱ्यांच्या सोयीचा, दुसरा जेवणानंतरचा. एकाच कार्यक्रमात नाचणाऱ्या मुली, विनोदवीर, जगलर, शब्दभ्रमकार, गायक, सायकलवरची कसरत. रंगमंचाच्या कडेला आकड्यांची पाटी असे. पाटीवर आकडा बदलला की समोरच्यानं हातातल्या कार्यक्रमपत्रिकेत तो शोधायचा. नवा आकडा, नवा आयटम.

आता त्या आठवड्याकडे जरा निवांत पाहू, कारण या साऱ्या आठवणींचं खरं एकक वर्ष किंवा दशक हे नाही. आठवडा हे आहे. कलावंताचा करार एका गावात एका आठवड्याचा. शनिवारी रात्री दुसरा खेळ संपला की सामान बांधायचं आणि रविवारी गाडी पकडायची. रविवारच्या गाड्या कमी आणि रखडणाऱ्या. क्रू हे रेल्वेचं मोठं जंक्शन, त्यामुळे देशाच्या चारी कोपऱ्यांत निघालेल्या मंडळ्या तिथल्या फलाटावर एकमेकींना भेटायच्या. कुठलं थिएटर बंद पडायला आलं आहे, कुठला मॅनेजर खडूस आहे, कुणाच्या घरी ढेकूण आहेत, हे सगळं वर्तमान तिथे कळे. जवळजवळ प्रत्येक आत्मचरित्रात क्रूचा फलाट येतो आणि जवळजवळ प्रत्येकात तो दोन वाक्यांत उरकलेला असतो. धंद्याची बातमीपत्रं होती, एजंट होते. पण माहितीचा कच्चा माल फिरायचा तो त्या फलाटावर, चहाच्या कपाबरोबर.

सोमवारी सकाळी 'बँड कॉल'. वाद्यवृंद थिएटरचा, कायमचा. कलावंत दर आठवड्याला नवे. प्रत्येकानं आपल्या गाण्यांच्या, नाचांच्या, येण्या-जाण्याच्या सुरावटी लिहिलेले कागद बरोबर आणायचे आणि रंगमंचाच्या पुढच्या कडेला, पायदिव्यांपाशी, ओळीनं मांडायचे. ज्याचे कागद आधी, त्याची तालीम आधी. पोस्टरवर वीतभर अक्षरांत झळकणारा गायक उशिरा आला तर त्यानं कुत्र्यांचे खेळ करणाऱ्याच्या मागे थांबायचं. दोघांनी एकच लोकप्रिय गाणं बसवलेलं असेल, तर ज्याचे कागद पुढे त्याचा त्या आठवड्यापुरता गाण्यावर हक्क. दुसऱ्यानं दुसरं काहीतरी शोधायचं. नियम कुठे छापलेला नसे, पण मोडायची कुणाची छाती नव्हती. एरवी हा धंदा नखशिखान्त उतरंडीचा. कुणाची खोली रंगमंचाला लागून आणि कुणाची चार जिने चढून, कुणाचं नाव वर आणि कुणाचं तळाशी, यावर जन्माची वैरं व्हायची. पोस्टरच्या तळाची अक्षरं इतकी बारीक, की तिथे नाव असलेल्यांना धंद्यात 'वाइन्स अँड स्पिरिट्स' म्हणत, दारूच्या जाहिरातीच्या शेजारचे म्हणून. अशा धंद्यात आठवड्यातून एक सकाळ मात्र रांगेची होती. असल्या गोष्टींचं कुणी भांडवल केलेलं नाही, म्हणून मला त्यांच्यावर जास्त विश्वास ठेवावासा वाटतो.

मुक्काम असायचा नाटकवाल्यांना खोल्या देणाऱ्या घरमालकिणींकडे. रात्री अकराला जेवण, सकाळी उशिरा उठण्याची मुभा, न्हाणीघराचे वेगळे पैसे. निघताना पाहुण्यांच्या वहीत अभिप्राय लिहायची पद्धत होती. वाईट घराची स्तुती अशा शब्दांत करायची, की मालकीण खूश व्हावी आणि पुढे येणाऱ्या धंद्यातल्या माणसाला बरोबर इशारा मिळावा. या वह्यांवर विनोद पुष्कळ झाले. पण या बायका म्हणजे त्या अर्थव्यवस्थेचा कणाच. त्यांच्याविना दौरा अशक्य होता, आणि त्यांच्यातल्या कुणी आत्मचरित्र लिहिल्याचं ऐकिवात नाही. आपल्यापुढे आहे ती कायम पाहुण्यानं सांगितलेली बाजू.

या साप्ताहिक फिरतीतूनच विनोदवीराचं अर्थकारण ठरलं. गाव दर आठवड्याला बदलायचं, म्हणून आयटम बदलायची गरज नसे. नीट बसवलेली दहा मिनिटं वर्षानुवर्षं पुरत. घासून, कापून, श्वासाची जागासुद्धा ठरवून ती वर्षं काढली जात. केन डॉडनं १९५४ साली नॉटिंगहॅमच्या एम्पायरमध्ये व्यावसायिक पदार्पण केलं आणि पुढे आयुष्यभर वह्या ठेवल्या: कुठल्या गावात कुठला विनोद चालला, कुठला पडला, पब्लिक कसं होतं. २०१८ साली नव्वदीत वारला तोवर हा माणूस रंगमंचावरून निवृत्त झालेला नव्हता. त्याच्या मुलाखतींतल्या आठवणी गोड आहेत, पण अभ्यासकानं जीव टाकावा तो त्या वह्यांवर. विनोदवीराच्या डोक्यात हशाचा नकाशा कसा असतो हे त्यांतून दिसतं.

आता किश्शांकडे येतो, कारण त्यांना टाळून पुढे जाता येत नाही. ग्लासगोचं एम्पायर घ्या. इंग्लिश विनोदवीरांचं स्मशान म्हणून ते थिएटर बदनाम होतं. शुक्रवारी रात्रीच्या दुसऱ्या खेळाला, पगार आणि दारू दोन्ही खिशात-पोटात घेऊन आलेलं पब्लिक दक्षिणेकडचा उच्चार कानी पडताच गप्प व्हायचं. आणि ही शांतता शिट्ट्यांपेक्षा वाईट. तिथला माइक आणि बर्नी विंटर्स या भावांचा किस्सा सर्वांत प्रसिद्ध. माइक एकटा येऊन क्लॅरिनेट वाजवतो, सभागृह ढिम्म. मग पडद्याच्या फटीतून बर्नी दात विचकत डोकं बाहेर काढतो, आणि वरच्या सज्ज्यातून कुणीतरी वैतागून ओरडतं की अरे देवा, असले दोन आहेत! हे इतक्या जणांनी इतक्या तऱ्हांनी सांगितलं आहे की मूळ प्रसंग काय हे विचारण्यात अर्थ उरलेला नाही. डेस ओ'कॉनर हा विनोदवीर त्याच रंगमंचावर कोसळला. एका कथनात त्याला खरोखर चक्कर आली, दुसऱ्या कथनात सुटका करून घेण्यासाठी त्यानं चक्कर आल्याचं सोंग केलं. विनोदवीर मॅक्स मिलरबद्दलही तसंच. १९५० सालच्या शाही खेळात त्याला मोजकी मिनिटं दिली होती. अमेरिकन पाहुण्यांना जास्त वेळ मिळतो या रागानं तो थांबेचना. विंगेत मॉस एम्पायर्सचे सर्वेसर्वा व्हॅल पार्नेल यांनी यापुढे तुला काम नाही असं सुनावलं, तेव्हा तुम्ही उशीर केलात, माझी कमाई आधीच झाली आहे, अशा अर्थाचं उत्तर मिलरनं दिलं म्हणतात. कमाईचा आकडा सांगणाऱ्यागणिक बदलतो.

संतवाङ्मयाच्या अभ्यासकाला पाठभेदांचं भय नसतं, तसंच इथेही नसावं. कुठला पाठ खरा यापेक्षा तो कुणी, कुठे, कुणासमोर सांगितला हे पाहावं. ग्लासगोचे किस्से लंडनमध्ये जास्त फुलले, हे काही योगायोगानं झालं नाही. तिथे पडलेल्या माणसाला आपली फजिती धंद्याच्या सामायिक वारशात जमा करून टाकता येते. अपयश सर्वांचं झालं की एकट्याचं राहत नाही. आणि मिलरचं उत्तर इतक्या जणांना प्रिय का? मॉस एम्पायर्सचे मॅनेजर प्रत्येक आयटमचा अहवाल मुख्य कचेरीकडे धाडत. तिथल्या नेमणुका पाहणाऱ्या सिसी विल्यम्स यांच्या एका शब्दावर वर्षभराच्या तारखा मिळत किंवा जात. मालकाला तोंडावर उत्तर देणं बहुतेकांना आयुष्यात परवडलं नाही. मिलरला परवडलं, म्हणून तो प्रसंग सगळ्यांनी जपला. एरवी मिलरचे सहकारी त्याच्या चिक्कूपणाबद्दलही भरभरून बोलतात. फुलाफुलांचा रेशमी सूट, पांढरी टोपी, हातात एक सोज्ज्वळ आणि एक चावट वही, आणि पब्लिकनं चावट वही मागितली की साळसूदपणे पब्लिकवरच ठपका ठेवण्याची त्याची लकब. हे सगळं रंगमंचावरचं वैभव. पहिल्या फेरीत दारू पाजायची वेळ आली की हा गृहस्थ ब्रायटनच्या शेवटच्या गाडीकडे निघालेला असे.

आठवणी कुणी लिहिल्या आणि कुणी नाही, हाही प्रश्न सोडू नये. बोलण्यावर जगणाऱ्यांनी लिहिल्या. आर्थर अॅस्की, बड फ्लॅनागन, मॅक्स वॉल, हॅरी सीकम, बॉब मंकहाउस, एरिक साइक्स यांची पुस्तकं आहेत. यांतही शब्द कुणाचे हे तपासावं लागतं. हंसा वाडकरांनी सांगितलेलं 'सांगत्ये ऐका' अरुण साधूंनी शब्दबद्ध केलं हे आपण जाणतो, तशी कबुली इंग्रजीत दर वेळी दिलेली असतेच असं नाही. जगलर, दोरीवर चालणारे, सायकलवाले, युरोपातून आलेली कसरतपटू कुटुंबं यांच्या वाट्याला मात्र इतरांच्या पुस्तकांतली एखादी ओळ येते. विल्सन, केपेल अँड बेटी हे त्रिकूट पाहा. प्राचीन इजिप्तच्या वेशातले दोन हडकुळे, मिशाळ पुरुष निर्विकार चेहऱ्यानं रंगमंचावर वाळू पसरून तीवर पाय घासत नाचायचे आणि मध्ये एक सुंदर तरुणी. पुरुष दोघे तेच राहिले, बेट्या बदलत गेल्या. पहिली बेटी नॉक्स १९४१ च्या सुमारास हे सोडून पत्रकार झाली, युद्धाच्या बातम्या तिनं लिहिल्या, आणि तिची जागा तिच्याच मुलीनं, पॅट्सीनं, घेतली. पोस्टरवर नाव तेच. नाचत्या बाईनं टाइपरायटर उचलला ही गोष्ट त्या दोघा मिशाळांच्या कौतुकात कितीतरी वर्षं दबून राहिली.

विंडमिलबद्दल असंच वाटतं. लंडनच्या सोहो भागातलं हे छोटं थिएटर १९३२ पासून दुपारपासून रात्रीपर्यंत सलग खेळ करायचं. विवस्त्र तरुणींची दृश्यं हे त्याचं आकर्षण. मात्र सरकारी नियमाप्रमाणे त्यांनी तसूभर हलायचं नाही. हललं की अश्लील, स्थिर राहिलं की कला! मधल्या वेळात विनोदवीरांना संधी मिळायची. पीटर सेलर्स, टोनी हॅनकॉक, हॅरी सीकम तिथून पुढे आले. मॉर्केम आणि वाइज यांना १९४९ मध्ये आठवडाभरातच नारळ मिळाला. या सर्वांच्या आठवणी एकाच प्रकारच्या. वर्तमानपत्र मांडीवर घेतलेले पुरुष, आपल्याकडे न फिरकणारी त्यांची नजर, आणि पुढची खुर्ची रिकामी होताच मागच्यांनी खुर्च्यांवरून मारलेल्या उड्या. खुर्च्यांवरच्या या शर्यतीचं वर्णन न करणारा विंडमिलचा विनोदवीर मी वाचलेला नाही. शेजारी तासन्‌तास निश्चल उभ्या असलेल्या मुलींशी कुणाचं काय बोलणं झालं, हे मात्र क्वचितच येतं.

म्हणून ज्युली अँड्र्यूज यांचं 'होम' हे २००८ सालचं आत्मचरित्र मी या क्षेत्रातल्या मोलाच्या कागदपत्रांत धरतो. 'साउंड ऑफ म्युझिक'मुळे आपल्याला ठाऊक असलेली ही अभिनेत्री व्हरायटीच्या घरात वाढली. आई बार्बरा पियानो वाजवायची, सावत्र वडील टेड अँड्र्यूज गायचे, दोघांचा मिळून आयटम. लहानग्या ज्युलीला दुपारी सक्तीनं झोपवलं जाई, कारण रात्री काम असे. मायक्रोफोनपर्यंत तोंड पोचावं म्हणून तिच्या पायाखाली बीअरच्या बाटल्यांचं खोकं ठेवायचे. १९४७ साली, बाराव्या वर्षी, लंडन हिप्पोड्रोममधल्या 'स्टारलाइट रूफ'मध्ये तिनं प्रौढ गायिकेलाही दमवेल असा सूर लावला आणि रातोरात नाव झालं. पुस्तकाचं बळ त्या यशात नाही. सावत्र वडिलांचं दारूपायी घसरत जाणं, आईबापांचं नाव पोस्टरवर खाली खाली सरकणं आणि मुलीचं वर चढणं, घराचे हप्ते कुणाच्या कमाईवर भागणार याची कुजबुज, हे सगळं तिनं चढा स्वर न लावता मांडलं आहे. विनोदवीरांच्या पुस्तकांत घर म्हणजे दोन दौऱ्यांमधला मुक्काम. इथे घरच दौऱ्यावर निघालेलं दिसतं.

वर्णाचा विषयही या आठवणींत असाच कडेला ढकललेला आहे. ग्रेनाडाहून आलेला लेस्ली हचिन्सन, म्हणजे 'हच', उच्चभ्रूंचा लाडका गायक-पियानोवादक. तरी काही बड्या घरी गायला जाताना त्याला नोकरांच्या दारानं आत घेत. त्रिनिदादच्या विनिफ्रेड अॅटवेल यांनी बॅटरसीतल्या जुन्या सामानाच्या दुकानातून घेतलेला खिळखिळा पियानो मोठ्या पियानोशेजारी ठेवून सभागृहं भरली, आणि १९५४ साली त्यांची तबकडी ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. त्याच रंगमंचांवर गोरे गायक तोंडाला काजळ फासून गात होते. बीबीसीचा तसला कार्यक्रम १९५८ ते १९७८ चालला. सहकाऱ्यांच्या आठवणींत हे काजळ बहुधा मेकअपच्या तक्रारीपुरतं येतं, निघता निघत नसे म्हणून.

आपल्या मुलखाशी या क्षेत्राचे धागे आहेत, आणि ते ओढूनताणून आणलेले नाहीत. स्पाइक मिलिगनचा जन्म १९१८ सालचा, अहमदनगरचा, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचा. वडील लष्करात, पण जीव रंगमंचावर. बालपण पुण्याच्या आणि पुढे रंगूनच्या छावणीत गेलं. आईवडील दोघंही हौशी कार्यक्रमांत गाणी-नकला करायचे. मुलानं पहिलं थिएटर पाहिलं ते हे. पुढे 'गून शो'नं त्यानं ब्रिटिश रेडिओवरचा विनोद उलटापालटा केला, पण व्हरायटीच्या पब्लिकपुढे त्याचे हाल झाले. कॉव्हेन्ट्रीच्या हिप्पोड्रोममध्ये सभागृह अंगावर आल्यावर त्यानं आपला ट्रम्पेट पायाखाली तुडवला आणि स्वतःला खोलीत कोंडून घेतलं. हाही किस्सा विनोदी म्हणूनच सांगितला जातो. मिलिगनच्या आयुष्यभराच्या मानसिक आजाराबरोबर वाचला तर हसू थांबतं.

दुसरा धागा नाशिकजवळच्या देवळालीचा. तिथल्या लष्करी छावणीत जिमी पेरी या तोफखान्यातल्या तरुणानं सैनिकांच्या करमणूक पथकात काम केलं. मायदेशी परतल्यावर सुट्टीच्या छावण्यांत आणि थिएटरांत तोच धंदा केला, आणि १९७४ मध्ये डेव्हिड क्रॉफ्टबरोबर देवळालीतल्या अशाच पथकावर बीबीसीसाठी 'इट एन्ट हाफ हॉट मम' ही मालिका लिहिली. त्यातला रंगी राम हा भारतीय नोकर रंगवला मायकेल बेट्स यांनी, चेहरा सावळा करून. बेट्स झाशीत जन्मलेले, हिंदुस्थानी जाणणारे. पेरींची आठवण खरी, भाषा बऱ्यापैकी खरी, चेहरा रंगवलेला. छावणीतले धोबी, पंखेवाले, चहावाले या पथकांचे खेळ कडेला उभं राहून पाहत असणार. ती बाजू सांगणारं मराठी टिपण कुणाच्या घरच्या पेटीत असेल, तर ते बाहेर यायला हवं. हे काम इंग्रज अभ्यासक करणार नाहीत, आपणच करायचं आहे.

व्हरायटी संपली कशी याची चर्चा थोडक्यात आटोपतो. ती इतरत्र भरपूर झाली आहे. टीव्ही आला, १९५५ मध्ये व्यापारी वाहिनी आली आणि 'संडे नाइट अॅट द लंडन पॅलेडियम'नं अख्खा व्हरायटीचा खेळ घरात फुकट आणून टाकला. वर्षानुवर्षं पुरणारी दहा मिनिटं एका रात्रीत सगळ्या देशानं पाहिली. पुढच्या सोमवारी नवं काय? रॉक अँड रोलचे तरुण गायक पोस्टरच्या माथ्यावर आले आणि त्यांच्या चाहत्यांना जगलरशी देणंघेणं नव्हतं. काही मालकांनी विवस्त्र नाचांचे खेळ लावून पाहिले, त्यानं कुटुंबासह येणारं पब्लिक तुटलं. थिएटरवरचा करमणूक कर १९५७ मध्ये उठला, पण तोवर उशीर झाला होता. कॉलिन्स म्युझिक हॉल १९५८ मध्ये जळालं, चिझिक एम्पायर १९५९ मध्ये मिटलं, ग्लासगो एम्पायर आणि एजवेअर रोडवरचं मेट्रोपॉलिटन १९६३ मध्ये गेलं. हॅकनी एम्पायर टीव्हीचा स्टुडिओ आणि मग बिंगोचा हॉल होऊन, १९८६ मध्ये पुन्हा थिएटर झालं.

पडझड चालू असतानाच स्मरणरंजनही सुरू झालं होतं, ही बाब जास्त कुतूहलाची. लीड्सच्या सिटी व्हरायटीजमधून बीबीसीचा 'द गुड ओल्ड डेज' १९५३ पासून तीस वर्षं प्रसारित झाला. प्रेक्षक जुन्या काळचे पोशाख घालून येत. १९५७ मध्ये जॉन ऑस्बर्नच्या 'द एंटरटेनर'नं नेमकं उलटं चित्र रंगवलं. त्यातला आर्ची राइस हा पडका विनोदवीर लॉरेन्स ऑलिव्हिएनं उभा केला. यानंतर आठवणी सांगणारा प्रत्येक जण या दोहोंच्या मध्ये उभा असतो. एकतर तो सोनेरी दिवसांचा शेवटचा साक्षीदार होतो, नाहीतर आपण आर्ची राइस नव्हतो हे पटवत राहतो. १९७० नंतरची आत्मचरित्रं वाचताना एवढं भान ठेवलं तर बऱ्याच जागा आपोआप उलगडतात.

सुरुवात कुठून करावी असं विद्यार्थी विचारतात. रॉजर विल्मट यांचं १९८५ सालचं 'काइंडली लीव्ह द स्टेज' हा अजूनही उत्तम पाया आहे, कारण त्या वेळी हयात असलेल्या कलावंतांशी ते बोलले होते. ऑलिव्हर डबल हे स्वतः विनोदवीर म्हणून उभे राहिलेले प्राध्यापक. त्यांच्या २०१२ सालच्या 'ब्रिटन हॅड टॅलेंट'मध्ये आयटम नेमका कसा बांधला जाई हे आतल्या माणसाच्या नजरेनं येतं. ब्रिटिश लायब्ररीच्या थिएटर अर्काइव्ह प्रकल्पात १९४५ ते १९६८ या काळाच्या मौखिक मुलाखती आहेत, आणि त्यांत केवळ नट नाहीत, रंगमंचामागची माणसं आणि साधे प्रेक्षकही आहेत. १९६३ मध्ये स्थापन झालेली ब्रिटिश म्युझिक हॉल सोसायटी 'द कॉल बॉय' हे नियतकालिक काढते. त्यात पांडित्य कमी आणि जिव्हाळा जास्त, पण जगलरांची आणि कुत्र्यांच्या खेळांची माहिती दुसरीकडे मिळणार नाही.

पुस्तकांच्या आधी मात्र एक तबकडी ऐका: मॅक्स मिलरचा १९५७ मध्ये मेट्रोपॉलिटनमध्ये ध्वनिमुद्रित केलेला प्रयोग. पहिल्यांदा हसण्यासाठी ऐका. दुसऱ्यांदा मिलरकडे दुर्लक्ष करून फक्त पब्लिक ऐका: हशा कुठे बायकांचा आधी येतो, कुठे सज्ज्यातून उशिरा उतरतो, मिलर वाक्य कुठे अर्धवट सोडतो आणि उरलेलं सभागृह कसं पुरं करतं. तिसऱ्यांदा वाद्यवृंदाकडे कान ठेवा. त्या वादकांनी त्याच सोमवारी सकाळी हे कागद हाती घेतलेले असणार. इतकं झालं की मग आत्मचरित्रं उघडायला हरकत नाही.